पत्र आणायला महापेला

परत येऊन महिना झाला, तरी नागपुरात भेटेल तो विचारतो, "मुंबईत काय काय पाहिलं?" मी सांगते, महापे पाहिलं. मग समोरचा विचारतो, "आणि समुद्र?" समुद्र पाहिला नाही. सहा दिवस नवी मुंबईत राहिले आणि खाडीचा वास तेवढा घेतला. ज्या कामाला गेले होते त्यात समुद्र कुठे बसत नव्हता.

काम होतं एक पत्र आणायचं.

मी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते. व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर घ्यायचा. एरवी त्यातून वीज नीट जात नाही, जरा तापवला की जाऊ लागते. हा बदल नेमका किती वेळात होतो, ते मोजायचं. त्यासाठी लेझरचा एक झोत थराला डिवचतो आणि त्याच्या पाठोपाठ क्ष-किरणांचा झोत येऊन काय झालं ते बघून जातो. दोघांमधलं अंतर फेमटोसेकंदांत मोजतात. पापणी लवेपर्यंत असे लाखो कोटी फेमटोसेकंद निघून जातात. ही मोजणी करण्याचं यंत्र युरोपात जमिनीखाली एका लांबलचक बोगद्यात आहे आणि वर्षातून पाच दिवस आमच्या वाट्याला येतं.

मागच्या खेपेला आम्हाला घबाड सापडलं. आमचा थर इतरांच्या थरांपेक्षा कितीतरी लवकर बदलत होता, आणि तोही लेझरच्या साध्या टिचकीनं. माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि सगळ्यांना पेढे आणायला पाठवलं. शोधनिबंध पाठवला. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं होतं आणि परदेशातली पुढची नोकरीसुद्धा. पण निबंध तपासणाऱ्यानं एक अट घातली: थर ज्यानं बनवला त्याच्याकडून लेखी आणा की यात ऑक्साइडशिवाय दुसरं काही नाही.

थर बनवला होता महापेच्या एका गाळ्यात. आमच्या संस्थेचं मशीन बंद पडलं तेव्हापासून सर तिथे काम देत. सगळं कुरिअरनं आणि फोनवर चाले. गाळ्याचे मालक खरात. त्यांना मी आठ वेळा फोन केला असेल. दर वेळी एकच उत्तर, "या ना मॅडम, बसून बोलू." बसून बोलू म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मला लहानपणापासून वाटतं. माझे बाबा तहसील कार्यालयात होते. कागदावर कुठे रिकामी जागा दिसली की ते खिशातलं पेन काढून तिथे तिरकी रेघ मारतात, म्हणजे मागून कोणी काही घुसडू नये. आमच्याकडे किराण्याच्या यादीच्या शेवटीही रेघ असते. त्या घरात मी वाढले आहे. शिवाय धंदाही असा निवडला की मोजलेल्या प्रत्येक आकड्यावर संशय घ्यावा लागतो. खरात स्वस्तातला भंगार माल वापरत असणार, याबद्दल गाडीत बसतानाच माझी खात्री झाली होती.

घणसोली गाव

राहायची सोय ओळखीतून घणसोली गावात झाली. रिक्षावाल्यानं विचारलं, "गावात की सेक्टरमध्ये?" गाव म्हटल्यावर तो मला लांबून फिरवणार असं धरून मी मोबाईलवर नकाशा उघडून बसले. नकाशा दोनदा चुकला. रिक्षावाला चुकला नाही. शेवटच्या गल्लीत रिक्षा जाईना, तर उतरून त्यानं तीन दुकानांत पत्ता विचारला आणि बॅग दारापर्यंत आणून दिली. मी नकाशा हळूच बंद केला.

गाव म्हणजे एकमेकांना खेटलेली घरं. समोरच्या घरात फोडणी पडली की आपल्याला ठसका लागतो. वर मान केली तर गावाच्या पाठीशी पंचवीस-तीस मजल्यांचे टॉवर. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये निदान एक कडुनिंब तरी मावतो. इथे दोन घरांच्या मध्ये मांजर मावतं, तेही आडवं होऊन.

घरमालकीण हिराकाकू, वयानं साठीच्या पुढच्या, नाकात मोठी चमकी. त्यांनी माझं आधार कार्ड घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"फोटोत जारी दिसतंस." काकूंच्या बोलीत बरेचदा 'ड'चा 'र' होतो; जारी म्हणजे जाडी.

"जुना आहे फोटो, काकू."

"तूच हाय ना पन?"

माझ्यावरच कोणी संशय घेतोय, हा अनुभव नवीन होता. मग त्यांनी खोलीच्या कराराचे कागद माझ्याच हातात दिले आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाच. मना वाचाय येत नाय, पन ऐकाय येतं." मी दोन्ही पानं वाचून दाखवली. त्यांनी मध्येच थांबवून एक ओळ पुन्हा वाचायला लावली, मी काही गाळलं का ते बघायला. मग सही.

जेवताना त्यांनी कारण सांगितलं. गावाच्या त्या अंगाला, आता जिथे टॉवर आहे, तिथे त्यांच्या सासऱ्याचं भाताचं शेत होतं. "एक दलाल यायचा. गोर बोलायचा. मामंजींचा अंगठा घेतला कोऱ्या कागदावर. मंग त्यावर त्याला पायजे ते त्यानं लिवला." त्या शांतपणे भाकरी थापत होत्या. "कोरा कागद देव नको गो कोनाला."

बाबांना ही बाई फार आवडली असती.

ताटात तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र आणि रुमालाइतकी पातळ, आणि सुक्या बोंबलांचं कालवण. आमचा जन्म ज्वारीच्या भाकरीवर आणि तर्रीदार पोह्यांवर गेलेला. बोंबील मी बोटानं उलटापालटा करून पाहिला. काकू म्हणाल्या, "मेलेला हाय तो, चावत नाय." तीन भाकऱ्या खाल्ल्या.

महापे

महापेच्या औद्योगिक वसाहतीत रस्ते रुंद आहेत आणि त्यांवर चालणारी एकटी मीच होते. पाठीमागे पारसिकचा डोंगर, खाणीनं अर्धा खाल्लेला. खरातांच्या गाळ्याच्या एका बाजूला प्लास्टिकच्या बादल्या बनत होत्या आणि दुसऱ्या बाजूला काय बनत होतं ते कळलं नाही, पण त्याला फिनेलचा वास होता.

दाराशी चपलांची रांग. आमच्या प्रयोगशाळेत बुटांवर निळ्या पिशव्या चढवतात. इथे सगळे अनवाणी. आत फळ्यांवर स्कूटरच्या दिव्यांचे आरसे, शाळांच्या स्पर्धांतले प्लास्टिकचे चषक, गणपतीचे मुकुट. सगळं सोनेरी नाहीतर रुपेरी. आणि मध्यभागी पोलादी पिंप, गोल खिडकीचं. याच पिंपातून हवा काढून घेतात आणि धातूची वाफ मालावर बसवतात. जगातल्या सर्वांत महागड्या क्ष-किरणांसमोर आम्ही जो थर धरला होता, तो गणपतीच्या मुकुटांच्या रांगेत थांबून तयार झाला होता. 

खरातकाका साठीचे, मूळचे परभणीकडचे. एका मोठ्या प्रयोगशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ होते. निवृत्त झाल्यावर हे जुनं मशीन घेतलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"नागपूरहून आलात, संत्री नाय आनली?"

"पत्र हवं होतं, काका."

"देतो की. काय लिहायचं, सांगा."

झालं, म्हटलं. काय लिहायचं सांगा म्हणणारा माणूस तर बसून बोलू म्हणणाऱ्याच्याही पुढचा. मी म्हटलं, आधी तुम्ही थर कसा लावता ते बघायचंय. नोंदवही बघायचीय.

"आज दिव्याचा लॉट चालूय, चेंबर उघडता येत नाय. परवा या. आनि वही मंदाकडं असते."

मंदाताई म्हणजे मशीन चालवणारी बाई. चाळिशीची, बारीक, बोटं मात्र लांबसडक. माल पकडीत अडकवताना ती श्वास धरून ठेवते. ती म्हणाली, "वही? वही तर खरातसरांकडं असते ना."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी हसले नाही.

"आमचं सगळं डोक्यात असतंय मॅडम," खरातकाका म्हणाले. "टेन्शन नाय घ्यायचं."

ते फोन घ्यायला बाहेर गेले आणि मंदाताई पिंपाकडे वळली. कोपऱ्यात एका ट्रेमध्ये काचेच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक लॉटबरोबर मालाशेजारी एक काच ठेवतात, तिच्यावरही तोच थर बसतो, आणि ती नमुना म्हणून जपून ठेवतात. आमच्या संस्थेच्या नावाची पट्टी दिसली. मी ती उचलली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

म्हणजे चोरली. तेव्हा मी त्याला पुरावा म्हणाले होते.

ऐरोली

पट्टी तपासायची कुठे? ओळखीची प्रयोगशाळा नाही, असली तरी सरांना कळलं असतं. घणसोलीच्या बाजारात सराफाच्या दुकानाबाहेर पाटी पाहिली होती: सोन्याची शुद्धता पाच मिनिटांत. ते मशीनही क्ष-किरणांवरच चालतं. किरण पडले की प्रत्येक धातू आपली ओळख सांगतो. पण घणसोलीच्या सराफाकडे गेले असते तर संध्याकाळपर्यंत हिराकाकूंना कळलं असतं. म्हणून ऐरोलीला गेले.

ऐरोलीत दुपारी दीडला सगळी तरुण मंडळी रस्त्यावर येते. काचेच्या इमारतींतून गळ्यात पट्टे अडकवलेले लोक उतरतात आणि गाडीवर उभ्यानं वडापाव आणि चायनीज भेळ खातात. चायनीज भेळ हा प्रकार मीही खाल्ला. लाल होता, यापलीकडे काही सांगता येणार नाही. आमच्याकडे दुपारचं जेवण झालं की माणूस अर्धा तास आडवा होतो. इथे खाता खाता फोनवर साहेबाला उत्तरं देतात.

सराफ भला माणूस होता. त्यानं पट्टी मशीनमध्ये ठेवली. आकडे आले.

"सोनं शून्य," तो म्हणाला. "चांदी शून्य."

"बाकी काय दिसतंय?"

"बाकी हे मशीन ओळखत नाही मॅडम, आपल्या कामाचंच बघतं ते." त्याचा आवाज खाली आला. "कोणी दिलं तुम्हाला हे? लग्नातलं आहे का?"

मी म्हटलं, पीएच.डी.चं आहे. त्यावर त्याचा चेहरा आणखीच पडला.

मग त्यानं एक गोष्ट केली. पट्टी उचलून त्यानं ती उलटी केली. सराफ दागिना आधी मागून बघतात म्हणे. "हे बघा," तो म्हणाला. "पुढून काळपट, मागून आरसा. हा मुलामा आहे, मॅडम. खाली एक धातू, वर दुसरा. आमच्यात फसवणारे असंच करतात."

मी ती पट्टी हातात घेतली. काचेच्या मागच्या बाजूनं माझंच नाक स्वच्छ दिसत होतं.

ही चमक मी पहिल्यांदा पाहत नव्हते. दुसऱ्या लॉटचे नमुने संस्थेत आले तेव्हाच मी ती पाहिली होती. माझ्या वहीत मी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "दुसरा लॉट. मागून छान चमक. काम उत्तम!" पुढे उद्गारचिन्ह आहे. पहिल्या लॉटचे थर सुटून आले होते, आणि त्यातले जे थोडे टिकले त्यांनी इतरांच्यासारखीच संथ उत्तरं दिली होती. घबाड सापडलं ते दुसऱ्या लॉटमध्ये. आणि हे दोन शेजारी-शेजारी ठेवून बघायचं दोन वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

रिक्षावाल्यावर संशय घेतला, बोंबलावर घेतला. आपल्याला हवं तेच उत्तर आलं, तेव्हा मात्र पेढे खाल्ले. घणसोलीला परत येईपर्यंत मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की चेहरा धुवूनही ती जाईना.

पुन्हा महापे

तरीही राग खरातांवरच होता. मुलामा लावून फसवलं, हे आता सिद्ध करायचं होतं.

सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासारखाच एक लॉट माझ्यासमोर लावायला घेतला. मंदाताईनं नमुने पकडीत बसवले. आमचा नमुना म्हणजे टिचभर चौकट आणि मधोमध इतका पातळ पडदा की जोरात बोललं तर फाटेल. पिंप बंद झालं, हवा निघू लागली. अर्धा-पाऊण तास आम्ही चहा प्यायलो. मग गोल खिडकीत उजेड पेटला. मंदाताई ओठ हलवत आकडे मोजत होती. तीसवर तिनं बटण दाबलं, उजेड विझला. तिनं एक दांडी फिरवली, नळीतून ऑक्सिजन सोडला आणि पुन्हा उजेड पेटला. या वेळी रंग वेगळा होता.

"पहिला उजेड कसला होता?" मी विचारलं.

"बेस," मंदाताई म्हणाली.

"कसला बेस?"

"क्रोमचा. दुसरा कसला असतोय?"

"माझ्या नमुन्यांनाही होता?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सगळ्यालाच असतो ना मॅडम. मुकुटाला असतो, दिव्याला असतो. बेसशिवाय थर धरेल का? तुमचा माल तर किती नाजूक. तुमच्याला तर पाह्यजेच."

मी खरातकाकांकडे वळले. ते गोंधळले होते, पण घाबरले नव्हते.

"पहिल्या लॉटला नव्हता," ते म्हणाले. "तुमच्या सरांनी सांगितलं तसंच केलं, नुसतं ऑक्साइड. तर सरांचा फोन आला, खरात, थर सुटतोय, तुमचं काम बरोबर नाय. लई वाईट वाटलं. तीस वर्षांत कोनी असं म्हनलं नव्हतं. मंग मी म्हनलं, मंदा, यांच्याला पन बेस टाक, अगदी पातळ. पुन्हा कंप्लेंट नाय आली."

"सांगितलं का नाही, काका?"

"कुनी विचारतच नाय हो. घर बांधनारा सांगतो का, पाया पन घातलाय म्हनून?"

भंगार माल नव्हता, फसवणूक नव्हती. आम्हीच तक्रार केली, आणि त्या माणसानं मागितलं त्याहून जास्त दिलं. क्रोम धातू आहे. लेझरचा झोत आधी तो गिळतो आणि आपल्यातले इलेक्ट्रॉन वरच्या थरात ढकलतो. मग वरचा थर लवकर बदलणारच. आमचं घबाड ऑक्साइडचं नव्हतंच, बेसचं होतं. क्ष-किरणांच्या ऊर्जेत थोडं पुढे सरकलो असतो तर बोगद्यातल्या यंत्रावर क्रोमची खूण दिसली असती. पण आमच्याकडे पाचच दिवस होते, आणि हवं ते मिळाल्यावर पुढे कोण सरकतं?

बाहेर येऊन बादल्यांच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून सरांना फोन केला.  सरांनी सगळं ऐकून घेतलं.  सर वाईट माणूस नाहीत. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, आणि निबंधावर माझ्याशिवाय आणखी चार मुलांची नावं आहेत.

"ऑक्साइड शुद्ध आहे ना?" त्यांनी विचारलं.

"ऑक्साइड शुद्ध आहे, सर."

"मग तेवढंच लिहून घे. 'आमच्याकडे लावलेला ऑक्साइड शुद्ध आहे.' यात खोटं एक अक्षर नाही, पल्लवी. बेसचं आपण पुढच्या निबंधात बघू."

खरंच, खोटं एक अक्षर नव्हतं. मी म्हटलं, विचार करते. आणि खरं सांगते, विचार केला. भिंतीला टेकून जूनमध्ये प्रबंध, ऑगस्टमध्ये विमान, सगळं डोळ्यांसमोर आणलं.

आत गेले तर खरातकाका पिशवी भरत होते. भाचीचं लग्न होतं, संध्याकाळच्या गाडीनं गावी निघायचं होतं. त्यांनी टेबलावरून एक कागद पुढे केला. गाळ्याचं लेटरहेड. वर नाव, खाली त्यांची सही आणि गोल शिक्का. मध्ये काहीच नाही.

"टाईप करनारा आज नाय आला," ते म्हणाले. "तुमी तुमचं भरून घ्या. इंग्रजी शब्द तुमालाच बरोबर येतात. सही-शिक्का मारून ठेवलाय."

"काका, कोऱ्या कागदावर सही करायची नसते. यावर कोणी काहीही लिहील."

"कोनी कशाला? तुमीच लिहनार ना?"

मी पर्समधून रुमाल काढला, काचेची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हटलं, काका, ही मी त्या दिवशी न विचारता नेली होती.

"माहितीय," ते म्हणाले. "मंदा म्हनत होती, फोन करून विचारा. मी म्हनलं, कशाला? लागली असंल त्यांना."

मंदाताईनं पट्टी उचलली, पदरानं पुसली आणि ट्रेमध्ये जागेवर ठेवली.

घणसोली, शेवटची संध्याकाळ

ओट्यावर बसले. मांडीवर कराराच्या कागदांसारखाच एक कागद, फक्त कोरा. हिराकाकू समोर कोलंबी सोलत होत्या. त्यांची नजर सहीवर गेली आणि हात थांबला.

"कोरा हाय?"

"हो."

"कोना येड्यानं दिला?"

"चांगला माणूस आहे."

"चांगलाच देतो गो कोरा," त्या म्हणाल्या. "आमचे मामंजी पन चांगलेच व्हते."

हे ऐकल्यावर त्या कागदाकडे बघवेना. त्या दलालाचा चेहरा मी पहिल्या दिवसापासून मनात रंगवत होते, खरातांसारखा काहीतरी. आता तो कागद माझ्या मांडीवर होता आणि पेन माझ्या हातात.

टाईप केलंच नाही, हातानं लिहिलं. इंग्रजीत चार ओळी. पडदा आणि ऑक्साइड यांच्या मध्ये क्रोमियमचा पातळ थर आहे. दुसऱ्या लॉटपासून तो प्रत्येक नमुन्यात आहे. पहिल्या लॉटचा थर सुटल्याची तक्रार संस्थेकडून आल्यावर तो टाकला. याबद्दल संस्थेनं कधी विचारलं नव्हतं.

"वाच," काकू म्हणाल्या.

मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा ऐकली.

"यात तुजा फायदा काय?"

"काहीच नाही, काकू. नुकसान आहे."

"मंग खरा असंल," त्या म्हणाल्या आणि कोलंबी सोलायला लागल्या.

चार ओळींच्या खाली, सहीच्या वर, अर्धं पान उरलं होतं. तिथे मी वरून खाली तिरकी रेघ मारली. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन दोन प्रती काढल्या, एका प्रतीचा फोटो खरातकाकांना पाठवला आणि फोन करून चारही ओळी वाचून दाखवल्या. गाडीच्या खडखडाटात ते म्हणाले, "बरोबर. तीस आकडे मोजून टाकतो, तेपन लिहायचं व्हतं." दुसरा फोटो सरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "पाहिलं. आल्यावर बोलू." आल्यावर बोललो. निबंध मागे घेतला. ऑगस्टचं विमान गेलं, प्रबंध निदान दीड वर्ष पुढे गेला. सर माझ्याशी नीट बोलतात, फक्त पहिल्यासारखं हाक मारून बोलावत नाहीत.

काकूंनी निघताना सुके बोंबील बांधून दिले. नागपूरपर्यंत डब्यातला प्रत्येक माणूस माझ्याकडे संशयानं बघत होता.

घरी बाबांनी पत्राची प्रत मागून घेतली. ओळी त्यांना फारशा कळल्या नाहीत, पण रेघ बघून खूश झाले.

"शाब्बास. समोरच्याला काही घुसडायला जागाच ठेवली नाहीस."

मी म्हटलं, "बाबा, सही झाल्यापासून तो कागद फक्त माझ्याकडेच होता."